तात्कालिकतेचे आयुष्य : 'हर्ब्ज' आणि पॅसिफिकचे रेगे

1981 साली न्यूझीलंडमध्ये 'व्हॉट्स बी हॅपन?' या नावाची एक छोटी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्या वेष्टनावर गायकांचे चेहरे नाहीत. आहे ते ऑकलंड शहरातील बॅस्टियन पॉइंट या टेकाडाचे उंचावरून टिपलेले छायाचित्र. गवताळ पठारावर माणसांचा एक लहानसा घोळका आहे आणि त्याला पोलिसांच्या रांगांनी वेढले आहे. 25 मे 1978 रोजीचे हे दृश्य. 'नगाती फातुआ' या माओरी जमातीच्या लोकांनी आपल्या पूर्वजांची जमीन खाजगी बांधकामासाठी विकली जाऊ नये म्हणून जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली 506 दिवस तेथे ठिय्या दिला होता. त्या दिवशी त्यांना हुसकावून लावण्यात आले आणि 222 जणांना अटक झाली. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव होते 'हर्ब्ज'. पहिल्याच कृतीच्या दर्शनी भागावर स्वतःऐवजी एका ताज्या घटनेला जागा देणे, हा या मंडळींनी केलेला पहिला वाङ्मयीन निर्णय म्हटला पाहिजे.

वाङ्मयीन हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला आहे. आपल्या समीक्षेत 'प्रासंगिक' हे विशेषण सहसा कौतुकाने येत नाही. प्रसंगाला चिकटून राहिलेली कृती त्या प्रसंगाबरोबरच मावळते. टिकायचे असेल तर तिने प्रसंगाच्या वर उठले पाहिजे, असे आपण वर्गात शिकवतो आणि उत्तरपत्रिकांत वाचतो. हर्ब्जची कारकीर्द या समजुतीची कसोटी घेणारी आहे. म्हणूनच, आपल्या नेहमीच्या अभ्यासकक्षेपासून बरीच दूर असली तरी ती पाहण्यासारखी आहे.

प्रथम पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना मनुष्यबळ हवे होते. सामोआ, टोंगा, कुक बेटे येथून हजारो माणसे ऑकलंडला आली आणि पॉन्सन्बीसारख्या, त्या काळी स्वस्त असलेल्या, वस्त्यांत राहू लागली. खेड्यांतून शहरात आलेले माओरी त्यांचे शेजारी झाले. 1970 नंतरच्या दशकात अर्थव्यवस्था मंदावली, तेव्हा कालपर्यंत हवीशी असलेली हीच माणसे अडचणीची वाटू लागली. परवान्याची मुदत उलटून गेलेल्यांना पकडण्यासाठी 1974 ते 1976 या काळात पहाटेच्या वेळी घरांवर छापे घातले गेले. मुदत उलटून राहिलेल्यांत युरोप-अमेरिकेतून आलेले गोरेही होते. दारे मात्र प्रामुख्याने पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांचीच ठोठावली जात. पुढे 1985-86 मध्ये झालेल्या पाहणीत असे दिसले की, मुदत उलटलेल्यांपैकी बेटवासी सुमारे एक तृतीयांश होते, पण खटले भरलेल्यांत त्यांचे प्रमाण 86 टक्के होते.

या अनुभवातून 1971 मध्ये ऑकलंडच्या तरुणांनी 'पॉलिनेशियन पँथर्स' ही संघटना उभी केली होती. मराठीच्या विद्यार्थ्याला हे नाव ऐकून आपल्या घरातले कोणी भेटल्यासारखे वाटेल. अमेरिकेतील ओकलंड शहरात 1966 मध्ये स्थापन झालेल्या 'ब्लॅक पँथर'पासून प्रेरणा घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण जाणतोच. तिच्या आधी एक वर्ष, त्याच प्रेरणेतून, दक्षिण गोलार्धात दुसरी पँथर जन्मली होती. दोघींचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध होता असे सुचवायचे नाही. स्रोत समान होता, एवढेच. साम्य आणखी एका बाबतीत आहे. दलित पँथरच्या संस्थापकांत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासारखे कवी होते. तिकडे पॉलिनेशियन पँथर्सचे एक संस्थापक विल इलोलाहिया हे पुढे हर्ब्जचे व्यवस्थापक झाले. चळवळीची भाषा येथे कवितेला मिळाली, तेथे गाण्याला.

ते गाणे रेगेच का झाले? एप्रिल 1979 मध्ये बॉब मार्ली यांनी ऑकलंडच्या वेस्टर्न स्प्रिंग्ज मैदानावर कार्यक्रम केला. हर्ब्जची स्थापनाही त्याच वर्षातली. जमैकाच्या रेगेत गुलामगिरीची स्मृती होती, बेटाचे एकटेपण होते आणि विस्थापितांची मातृभूमीची ओढ होती; पॅसिफिकच्या तरुणांना यातले काहीही परके नव्हते. पण हर्ब्जने मार्लींची नक्कल केली नाही. रेगेमध्ये गिटारचा आघात ठेक्याच्या मधल्या, मोकळ्या जागेत पडतो. त्या आघाताला त्यांनी माओरी घरगुती मैफलींतल्या गिटारच्या छेडणीची लय दिली, आणि अनेकांनी मिळून वेगवेगळ्या स्वरांत गाण्याची पॅसिफिकच्या प्रार्थनामंदिरांत रुजलेली रीत तिला जोडली. परिणामी राग व्यक्त करतानाही त्यांचा आवाज चढत नाही. तो अंगणात बसून गाणाऱ्या कुटुंबाचा आवाज वाटतो.

हे कुटुंबही पाहण्याजोगे होते. टोनी फोनोटी, स्पेन्सर फुसिमालोही, फ्रेड फालेआउटो, डिलवर्थ काराका, फिल टोम्स ही सुरुवातीच्या काळातली नावे वाचली तरी सामोआ, टोंगा, माओरी आणि गोरे म्हणजे 'पाकेहा' अशी निरनिराळी मुळे दिसतात. माओरी या देशाचे मूळ रहिवासी, बेटवासी नवे स्थलांतरित. दोघांचे प्रश्न वेगळे, प्रसंगी हितसंबंधही वेगळे. सरकारी कागदांत त्यांचे रकाने निराळे होते. त्या रकान्यांच्या पलीकडचे 'आम्ही' प्रथम ऐकू आले ते अशा गाण्यांत. एका टोंगन संघटकाने सांभाळलेल्या वाद्यवृंदाने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर माओरींच्या जमिनीचा लढा छापला, याचा अर्थ या संदर्भात लावला पाहिजे.

जुलै 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा 'स्प्रिंगबॉक' हा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला आणि देश दुभंगला. वर्णद्वेषी राजवटीच्या संघाबरोबर खेळू नये म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले. 25 जुलैला हॅमिल्टन येथे निदर्शक मैदानात घुसल्यामुळे सामना रद्द करावा लागला. 'व्हॉट्स बी हॅपन?' याच दिवसांतली. तिच्यातील 'आझानिया' हे गाणे दक्षिण आफ्रिकेविषयी आहे. 'आझानिया' हे तेथील कृष्णवर्णीय चळवळीने देशाला दिलेले नाव. त्या वर्षीच मे महिन्यात निधन पावलेल्या मार्लींना वाहिलेली आदरांजलीही या ध्वनिमुद्रिकेत आहे. म्हणजे एक भूतकाळातला ठिय्या, एक चालू आंदोलन आणि एक ताजा मृत्यू असे तीन प्रसंग एकाच छोट्या तबकडीत एकत्र आले आहेत. इतकी प्रासंगिक कृती शोधूनही सापडणार नाही.

1982 मध्ये 'फ्रेंच लेटर' आले. फ्रान्सने 1966 पासून फ्रेंच पॉलिनेशियातील मुरुरोआ आणि फांगाटौफा या प्रवाळबेटांवर अण्वस्त्रचाचण्या चालवल्या होत्या. 1974 पर्यंत त्या वातावरणात होत, नंतर बेटांच्या पोटात. हे गाणे म्हणजे फ्रान्सला लिहिलेले पत्र आहे. बोलीभाषेतील इंग्रजीत या शीर्षकाचा अर्थ 'निरोध' असाही होतो, आणि तो श्लेष नकळत झालेला नाही. ज्याच्यामुळे धोका आहे त्यालाच खबरदारीची आठवण करून देण्याचा मिस्कीलपणा त्यात आहे. शिवाय ध्रुपदात महासागराच्या 'पॅसिफिक' या नावाचे यमक 'नेमके, निश्चित' या अर्थाच्या इंग्रजी विशेषणाशी जुळवलेले आहे. आमच्या समुद्रातून निघून जा, हे नेमकेपणाने सांगण्याची ती युक्ती आहे. प्रासंगिक काव्याचा सारा विचार मला या एका यमकात एकवटलेला दिसतो. स्थळाचे नाव आणि नेमकेपणा यांचा उच्चार येथे एकत्र होतो. मानवजातीविषयी सर्वसाधारण बोलण्याची सोय हे गाणे स्वतःला ठेवत नाही.

पुढच्या घटनांनी या नेमकेपणाला पुष्टी दिली. मुरुरोआकडे निषेधफेरीसाठी जाऊ पाहणारे 'रेनबो वॉरियर' हे ग्रीनपीसचे जहाज 10 जुलै 1985 रोजी ऑकलंड बंदरात फ्रेंच हेरांनी स्फोट करून बुडवले. फर्नांडो परेरा हे छायाचित्रकार त्यात मरण पावले. 1987 मध्ये न्यूझीलंडने स्वतःला कायद्याने अण्वस्त्रमुक्त घोषित केले. गाण्याने कायदा झाला असे कोणी म्हणू नये. लोकमत घडवणाऱ्या अनेक हातांत एक हात गाण्याचाही होता, असे म्हणणे पुरेसे आहे.

आता दुसरी बाजू. हर्ब्जला सर्वांत मोठे यश मिळाले ते राजकीय गाण्याने नव्हे. 1986 मध्ये डेव्ह डॉबिन यांच्याबरोबर त्यांनी गायलेले 'स्लाइस ऑफ हेवन' हे एका व्यंगचित्रपटातील प्रसन्न प्रेमगीत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. दरम्यान वाद्यवृंदातील जुनी माणसे गेली होती, विली होना, चार्ली टुमाहाई यांच्यासारखी नवी आली होती. सूर अधिक मऊ झाला होता. बांधिलकी ओसरली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि त्यात काही तथ्यही आहे. लाखो घरांत जे गाणे पोहोचले, त्याच्या बरोबर बॅस्टियन पॉइंट पोहोचले नाही. हे नाकारून चालणार नाही.

पण 1989 मध्ये याच मंडळींनी टिम फिन यांच्यासह 'परिहाका' हे गाणे केले. तारानाकी प्रदेशातील या खेड्यात ते फिटी आणि तोहू या नेत्यांनी जमीन बळकावण्याला निःशस्त्र विरोध केला होता. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सशस्त्र दले गावात शिरली, तेव्हा गाणारी मुले त्यांच्यासमोर बसलेली होती. शतकभरापूर्वीचा हा प्रसंग हर्ब्जच्या आवाजात पुन्हा आला. प्रसंगाला चिकटून राहण्याची जुनी सवय सुटली नव्हती, असे त्यावरून दिसते.

आणि 1995 साल उजाडले. अध्यक्ष जाक शिराक यांनी थांबलेल्या चाचण्या पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. तेरा वर्षांपूर्वीचे 'फ्रेंच लेटर' पुन्हा काढण्यात आले. पत्र जुने, पत्ता तोच. जानेवारी 1996 मध्ये चाचण्या कायमच्या थांबल्या, तोपर्यंत त्यांची एकूण संख्या 193 झाली होती. जे गाणे प्रसंगाच्या वर उठले असते, ते या वेळी इतक्या सहज उपयोगी पडले असते का? मला शंका आहे. अन्याय फार क्वचित एकदाच घडतो. त्याची तारीख, ठिकाण आणि कर्ता नोंदवून ठेवणारी कृती म्हणूनच जुनी होत नाही. या गाण्याची प्रासंगिकता पुन्हा उद्भवली, यात त्याचा वाङ्मयीन विजय आहे आणि माणसाची नामुष्कीही.

2012 मध्ये हर्ब्जला न्यूझीलंडच्या संगीत-सन्माननामावलीत स्थान मिळाले आणि 2019 मध्ये तिआरेपा काही यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. पहाटेच्या छाप्यांबद्दल पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी 1 ऑगस्ट 2021 रोजी पॅसिफिक समाजाची जाहीर माफी मागितली. बॅस्टियन पॉइंटची जमीन परत करण्यास सरकारने त्याआधीच, 1988 मध्ये, मान्यता दिली होती. टेकाड आज नगाती फातुआंकडे आहे. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर मात्र 25 मे 1978 चाच दिवस आहे. पोलिसांच्या रांगा तशाच उभ्या आहेत, घोळका तसाच बसलेला आहे. जमीन मिळाली म्हणून ते चित्र खोटे पडलेले नाही. ती का परत करावी लागली, हे विचारणाऱ्याला उत्तर तेथेच सापडते.