टोपे (आडनाव)

टोपे : एक विरळ मराठी आडनाव. १८५७ च्या उठावातील सेनानी रामचंद्र पांडुरंग ऊर्फ तात्या टोपे (१८१४–५९) यांच्यामुळे ते देशभर परिचित झाले.

मूळ : घराणे येवल्याचे (जि. नाशिक), देशस्थ ब्राह्मण. भट व येवलेकर ही त्याची आधीची आडनावे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दुसरा बाजीराव सालिना ८ लाख रुपयांच्या तनख्यावर कानपूरजवळील ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर येथे राहू लागला. त्याच्या आश्रयास असलेले तात्यांचे वडील पांडुरंग भट हेही सहकुटुंब तिकडे गेले. टोपे हे नाव उत्तरेतच रूढ झाले.

व्युत्पत्ती : प्रचलित आख्यायिकेनुसार बाजीरावाने तात्यांना रत्नजडित टोपी बक्षीस दिली, तीवरून लोक त्यांना टोपे म्हणू लागले. दुसरे मत तोफखान्यातील चाकरीशी, म्हणजे हिंदी ‘तोप’ या शब्दाशी, नाव जोडते. इंग्रजी कागदपत्रांतील रोमन लेखनात त व ट हा भेद उरत नसल्याने त्या मताला वाव मिळाला. मराठी व हिंदी लेखनात मात्र आद्याक्षर ‘टो’ असेच आहे. ते टोपीच्या बाजूने जाते.

कागदोपत्री नोंद : एप्रिल १८५९ मध्ये पकडले गेल्यावर मुशैरी येथील छावणीत तात्यांनी जबानी दिली. तीत नाव तात्या टोपे, वडील पांडुरंग, मूळ गाव येवला, परगणा पाटोदा, जिल्हा नगर असा तपशील आहे. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्यामुळे जबानीत नगरचा उल्लेख येतो. इंग्रजी दप्तरानुसार १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना शिप्री (आताचे शिवपुरी) येथे फाशी दिली.

नंतरचा इतिहास : घराण्याने पुढे येवलेकर न लावता टोपे हेच आडनाव चालवले. वंशज पराग टोपे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात फाशीची हकीकत अमान्य करून तात्या लढताना पडले, असे प्रतिपादन केले आहे. भोपाळमधील तात्या टोपे नगर या वस्तीमुळे हे आडनाव स्थलनामातही आले; तेथे ते ‘टी. टी. नगर’ असे आखूड झाले आहे.

महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातही टोपे आडनाव आहे. माजी आरोग्यमंत्री राजेश टोपे तेथील होत. केवळ आडनावाच्या साम्यावरून त्यांचा येवल्याच्या घराण्याशी संबंध जोडता येत नाही.