समुद्र न पाहिलेले खलाशी

पूर्णा जंक्शनहून मुंबईचा समुद्र रेल्वेने पावणेसहाशे किलोमीटरच्या घरात. गावाला पाणी म्हणाल तर पूर्णा नदीचे, आणि तालुक्यातच ती जिला जाऊन मिळते त्या गोदावरीचे. हे गाव १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होते, त्या राज्याला तर समुद्रकिनाराच नव्हता. पोर्तुगीजांकडून मार्मागोवा बंदर पदरात पाडून घेण्याची खटपट निजामाने शेवटी शेवटी करून पाहिली, तीही फसली. तरीही या गावात पिढ्यान्‌पिढ्या खलाशी नांदले. रेल्वे कॉलनीत "वडील काय करायचे?" असे विचारले की "खलाशी होते" असे सरळ उत्तर मिळायचे, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाटा किंवा शीड यायचे नाही. यायचे ते वाफेचे इंजिन, राखेचा ढीग आणि तेलाने काळे झालेले फडके.

खलाशी हा शब्द मुळात अरबी. 'खलास' म्हणजे सुटका, मोकळे करणे. "काम खलास", "पैसे खलास" म्हणतो तेव्हा आपण त्याच शब्दाचा सख्खा भाऊ वापरत असतो. दोर सोडणारा, शीड मोकळे करणारा तो खलाशी, अशी एक व्युत्पत्ती सांगतात; ती पटण्यासारखी आहे. अरबी समुद्रावरच्या गलबतांतून हा शब्द इंग्रजांच्या जहाजांवर चढला आणि तिथून जमिनीवर उतरला. उतरला कसा, तेच गमतीचे आहे. जहाजावरच्या माणसाला दोर, गाठी, कप्प्या आणि जड वजन थोड्या माणसांनी उचलायच्या युक्त्या ठाऊक असतात. साहेबाचा तंबू उभारायचा, मोजणीची साखळी ओढायची, तोफ चिखलातून काढायची, तर हाच माणूस उपयोगी. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला, तोवर खलाशी म्हणजे तंबू ठोकणारा हा अर्थ चांगलाच रुळला होता. पुढे रेल्वे आली. पुलाचा गर्डर चढवणे, रुळावरून घसरलेला डबा परत रुळावर घेणे, इंजिन जॅकवर उचलणे ही सगळी कामे जहाजाच्या कामाची जमिनीवरची भावंडेच. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली, १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीचा फाटा निघाला, लोकोशेड गजबजली, आणि खलाशी हे पद मराठवाड्याच्या काळ्या मातीत रुजले.

इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी खलाशांना एक सामुदायिक नाव होते: लस्कर. फारसी 'लष्कर' म्हणजे फौज, तो पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ झाला दर्यावर्दी मजूर. म्हणजे एकाच शब्दातून आपल्याकडे सैन्य निघाले आणि तिकडे जहाजावरचा हमाल. पूर्णेच्या रेल्वेवाल्यांचे मुख्यालय ज्या सिकंदराबादला, त्या सिकंदराबादला जुने हैदराबादी अजून 'लष्कर'च म्हणतात. तिथे तो शब्द छावणीवरून पडला.

या लस्करांची स्वतःची बोली होती. हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी यांची खिचडी. साहेबांना ती कळल्याशिवाय जहाज हलत नसे, म्हणून टॉमस रोबक याने १८११ साली इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक शब्दांचा कोशच काढला. वर ओढा म्हणायचे तर 'हबेस', खाली सोडा म्हणायचे तर 'आरिया'. यातला आरिया पोर्तुगीज. टोळीच्या मुकादमाला 'सारंग' म्हणत (फारसी सरहंग, म्हणजे नायक), त्याच्या हाताखाली 'टंडेल', स्वयंपाकाला 'भंडारी'. कोकणात आणि कोळीवाड्यांत सारंग आणि तांडेल ही आडनावे आजही आहेत. वाफेची जहाजे आली तेव्हा खाली यंत्रघरात 'आगवाला', 'कोयलावाला' आणि 'तेलवाला' अशी पदे पडली. आता हे 'आगवाला' नाव बघा. भारतीय रेल्वेतही फायरमनच्या हाताखालच्या माणसाला आगवाला म्हणत आले. जहाजाचा बॉयलर आणि इंजिनाचा बॉयलर, दोन्हींपुढे फावडे घेऊन उभा राहणारा माणूस एकाच नावाचा. हा शब्द कुठल्या विद्यापीठातून आला नाही की परिपत्रकातून आला नाही. काम जिथे गेले तिथे काम करणाऱ्याच्या तोंडून गेला.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. मराठीतला समुद्र सगळाच इंग्रजांनी आणलेला नाही. 'आरमार' पोर्तुगीज आर्मादावरून आले. न्हाणीघरातला 'बंब' आणि आगीचा 'बंब' हे दोन्ही पोर्तुगीज 'बोंबा'चे, म्हणजे पंपाचे. पाण्याचे 'पिंप' हेही तिकडचेच, दारू आणि पाणी साठवायच्या लाकडी पिपाचे नाव. 'बंदर' फारसी, 'सुकाणू' अरबी. आणि सरकारी कचेरीत 'सुकाणू समिती' नेमतात तेव्हा त्यातल्या निम्म्या सभासदांनी सुकाणू चित्रातसुद्धा पाहिलेले नसते. 'नांगर'ची तर वेगळीच कथा. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'चा, जहाजाचा नांगर फारसी 'लंगर'चा. मराठीने दोघांना एकाच दावणीला बांधले. आणि फारसीत लंगर म्हणजे अन्नछत्रही. पूर्णेहून तीस किलोमीटरवर नांदेडला उतरून गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवणारा शेतकरी आणि बंदरात लंगर टाकणारे जहाज यांची गाठ अशी एका शब्दात पडते.

इंग्रजी आरमाराने दिलेल्या-घेतलेल्या शब्दांत माझा सर्वांत आवडता शब्द आहे डांगरी. लोकोशेडमध्ये फिटर लोक अंगभर निळा जाड कपडा घालत, त्याला डांगरी म्हणत. फौजेतही हाच शब्द. आता लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात पट्ट्यांची 'डंगरी' मिळते आणि आई-बापांना तो शब्द अस्सल विलायती वाटतो. प्रत्यक्षात तो मुंबईचा. मुंबईच्या किल्ल्याबाहेरची डोंगरी, तिथल्या बाजारात विकले जाणारे जाडेभरडे स्वस्त सुती कापड ते डोंगरी कापड. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते इंग्रजी कागदपत्रांत दिसते. नाविकांना असेच कापड हवे होते: मळले तरी चालेल, खाऱ्या पाण्यात टिकेल आणि खिशाला परवडेल. मग त्याच्या कामाच्या विजारी झाल्या, विजारींना कापडाचेच नाव पडले, आणि डोंगर या साध्या मराठी शब्दाची नात जगभरच्या जहाजांवर फिरून आली. पूर्णेच्या शेडमध्ये ती परतली तेव्हा कोणी तिला ओळखले नाही. डोंगरीचा उच्चार तिकडे 'डंगरी' झाला आणि आपण तो तसाच उचलला, हे मला जरा लागतेच. आपलेच कापड आपल्याला साहेबाच्या मापाने परत मिळाले.

शाळेच्या गणवेशातला 'नेव्ही ब्ल्यू' मात्र सरळ ब्रिटिश आरमाराचा. १७४८ साली तिथल्या अधिकाऱ्यांना गणवेश ठरवून दिला गेला, तो गर्द निळा. पुढे त्या रंगालाच आरमाराचे नाव पडले. परभणी जिल्ह्यातला शिंपी "नेव्ही ब्ल्यू पँट आणि पांढरा शर्ट" म्हणतो तेव्हा मनात आरमार नसते, शाळेची पहिली घंटा असते.

रेल्वेचा सिग्नल हीसुद्धा अशीच लांबून आलेली वस्तू. लंडनच्या नौदल कचेरीतून चॅटमच्या बंदराला निरोप पोहोचवण्यासाठी टेकड्यांवर खांब उभारून त्यांचे हात हलवायची पद्धत रिअर अ‍ॅडमिरल होम पॉपम याने १८१६ साली बसवली. नाव सेमाफोर, मूळ कल्पना फ्रेंचांची. १८४१-४२ च्या सुमारास चार्ल्स हटन ग्रेगरी याने तसाच हात लंडनजवळ रेल्वेच्या खांबावर बसवला. आडवा हात म्हणजे थांब, खाली कललेला हात म्हणजे चल. आपल्या लोकांनी त्यावरून काय वाक्य काढले! "सिग्नल पडला, चला." पडणे या क्रियापदाला मराठीत फार क्वचित शुभ अर्थ मिळतो. इथे मिळाला, कारण लाकडी हात खरोखरच धपकन खाली पडायचा आणि हिंगोलीकडच्या मीटरगेज गाडीत चढायला धावपळ सुरू व्हायची. आता रंगीत दिवे आहेत, काही पडत नाही; तरी जुनी माणसे सिग्नल पाडतातच.

याच पॉपमने जहाजांसाठी झेंड्यांचा शब्दकोश केला होता. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनने आपल्या ताफ्याला जो प्रसिद्ध संदेश दिला तो याच कोशातून. नेल्सनला म्हणायचे होते की प्रत्येकजण कर्तव्य करील असा इंग्लंडला 'विश्वास' आहे. सिग्नल पाहणारा लेफ्टनंट पास्को म्हणाला, तो शब्द कोशात नाही, एकेक अक्षर लावावे लागेल, 'अपेक्षा' चालेल का? चालली. पण 'ड्युटी' हा शब्दही कोशात नव्हता, तो मात्र अक्षरे जुळवून चार वेगळ्या संकेतांनी लावावा लागला. दोनशे वर्षांनी पूर्णेत हा शब्द लावायला कोणाला त्रास होत नाही. "ड्युटी लागली", "ड्युटी बदलली", "ते ड्युटीवर आहेत, संध्याकाळी या." रेल्वे कॉलनीत मूल आई-बाबांच्या पाठोपाठ हाच शब्द शिकत असावे.

लॉगचे तसेच. शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला मागच्या बाजूने लाकडाचा एक तुकडा पाण्यात टाकत. आकार चतकोर भाकरीसारखा, गोल कडेला शिसे ठोकलेले, म्हणजे तो पाण्यात उभा राहावा आणि जागच्या जागी थांबावा. त्याला लांब दोर, दोराला सुमारे ४७ फुटांवर एकेक गाठ. जहाज पुढे जाई तसा दोर सुटत जाई. २८ सेकंदांची वाळूची घटिका संपेपर्यंत खलाशाच्या हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे. गाठ म्हणजे नॉट. चक्रीवादळाच्या बातमीत वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात तो हाच, ताशी १.८५२ किलोमीटर. आणि तो ओंडका म्हणजे लॉग, त्याचा हिशेब ज्या वहीत लिहायचा ती लॉगबुक. इंजिनालाही लॉगबुक आले, ड्रायव्हर त्यात बिघाड लिहून ठेवू लागला. १९६० च्या दशकात मोठ्या संगणकावर कोण किती वेळ बसले याची नोंद ठेवायची वेळ आली तेव्हा तोच शब्द पुढे सरकला: लॉगिन. आज पीकविम्याचा फॉर्म भरायला आलेला शेतकरी केंद्रावर तासभर ताटकळतो आणि ऐकतो, "काका, लॉगिनच होईना." त्या बिचाऱ्याचे काम अटलांटिकमध्ये टाकलेल्या एका ओंडक्यापाशी अडलेले असते.

प्रत्येक गोष्टीला जहाज चिकटवायची मात्र एक खोड असते, तिच्यापासून सावध राहावे. इंग्रजीतला 'पॉश' हा शब्द मुंबईला येणाऱ्या बोटीच्या तिकिटावरून आला, इकडे येताना डावीकडची ('पोर्ट आउट') आणि परत जाताना उजवीकडची ('स्टारबोर्ड होम') थंड खोली ती पॉश, ही कथा पुष्कळ शिकलेली माणसेही छातीठोकपणे सांगतात. तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर कोणी दाखवलेले नाही. ब्लेझर नावाच्या युद्धनौकेवरून शाळेचा ब्लेझर आला, हीसुद्धा त्याच पठडीतली. 'बर्थ' आणि 'बोर्डिंग' खरे जहाजाचे आहेत: बर्थ म्हणजे आधी जहाजाला वळायला लागणारी मोकळी जागा, मग नाविकाची झोपायची जागा, बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू. पण "बोर्डिंगात राहून शिकला" यातले बोर्डिंग वेगळे, ते जेवणाच्या पाटाचे. फळी एकच, एकीवर चढायचे आणि दुसरीवर जेवायचे.

आता माझी तक्रार. सहाव्या वेतन आयोगानंतर रेल्वेने खलाशी हे पदनाम बाजूला ठेवून 'हेल्पर' आणि 'सहायक' केले. ड्रायव्हर झाला 'लोको पायलट', २०२२ पासून गार्ड झाला 'ट्रेन मॅनेजर'. यात विनोद असा की 'पायलट' हाही समुद्राचाच. बंदरात शिरणाऱ्या जहाजाला वाट दाखवणारा माणूस, विमानाने तो फार नंतर उसना घेतला. म्हणजे खालच्या माणसाचा समुद्र काढून घेतला आणि वरच्याला नवा दिला. खलाशी म्हणवून घेण्यात काही जणांना कमीपणा वाटत असेल, ते मी समजू शकतो. राखेत हात घालणाऱ्याला मान कधी मिळाला? पण हेल्पर म्हणून तो मिळाला असेही दिसत नाही. खलाशी म्हटले की निदान कौशल्य कळत होते. हेल्पर कोणीही असतो.

वाफेची इंजिने गेली, मीटरगेज गेले, २००८ मध्ये अकोल्याची लाइनही मोठी झाली. त्या कामाबरोबर त्याचे शब्दही निघाले आहेत. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या वाचकांना एक विनंती आहे. घरात कोणी निवृत्त खलाशी, फायरमन, फिटर असेल तर त्यांच्याजवळ बसा, शेडमधल्या प्रत्येक अवजाराला, प्रत्येक कामाला, वजन उचलताना द्यायच्या हाकेला काय म्हणत ते विचारा, आणि ते जसे उच्चारतील तसेच लिहून ठेवा. शुद्ध करू नका.