दर्यावर्दींचा एकांत

दर्यावर्दींच्या रक्षणासाठी ख्रिस्तसभा शतकानुशतके प्रार्थना करीत आली. परंतु वादळ शमल्यावरही खलाशाच्या मनाला ग्रासणाऱ्या एकांताची दखल घेणारे कार्य ४ ऑक्टोबर १९२० रोजी ग्लासगो येथे उभे राहिले. पीटर ॲन्सन, आर्थर गॅनन आणि ब्रदर डॅनियल शील्ड्स यांनी स्थापिलेल्या ‘अपॉस्टलशिप ऑफ द सी’ला १९२२ साली पोप अकरावे पायस यांनी मान्यता दिली. आज ते ‘स्टेला मारिस’ म्हणून ओळखले जाते. त्याची रीत साधी: बंदरास लागलेल्या जहाजावर जावे आणि खलाशाची विचारपूस करावी.

आपल्या मुंबईतही धोबीतलाव परिसरात गोवेकरांच्या ‘कुडीं’नी हाच आधार दिला. जहाजाची वाट पाहणाऱ्या गाववाल्यास तेथे निवारा मिळे आणि सायंकाळच्या रोझरीत आपल्या माणसांची सोबतही.

२०२० च्या महामारीत या सोबतीचे मोल जगाला कळले. देशोदेशींच्या निर्बंधांमुळे सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले. सलग जहाजवास १२ महिन्यांहून कमी असावा, हा २००६ च्या सागरी श्रम कराराचा दंडक कित्येकांच्या बाबतीत मोडला. जहाजभेटी थांबल्या, तेव्हा धर्मगुरूंनी व स्वयंसेवकांनी दूरध्वनीवरून त्यांना धीर दिला.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी, ‘सागर रविवारी’, आम्ही खलाशांसाठी प्रार्थना करतो. ती त्यांच्या घरच्यांच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचावी; कारण वाट पाहणारेही एकाकीच असतात.