हायलँडची रेघ

ग्लासगोच्या उत्तरेला ग्लेनगॉईन नावाची डिस्टिलरी आहे. तिच्या भट्ट्या रस्त्याच्या एका अंगाला, गोदामं दुसऱ्या. व्हिस्की हायलँडमध्ये गाळायची आणि रस्ता ओलांडून लोलँडमध्ये मुरवायची, असं ही डिस्टिलरी अभिमानाने सांगते. बाटलीवर मात्र हायलँडच लिहिलेलं. हायलँड आणि लोलँड वेगळे करणारी ही रेघ तिथे आली कुठून?

ती ओढली अबकारी खात्याने. १७८४च्या वॉश ॲक्टने करासाठी स्कॉटलंडचे दोन भाग केले. ढोबळमानाने पश्चिमेच्या ग्रीनॉकपासून पूर्वेच्या डंडीपर्यंत. रेघेच्या वर छोट्या भट्ट्या आणि सवलतीचा कर, पण तो माल दक्षिणेत विकायला लवकरच बंदी आली. खाली लोलँडमध्ये पुढे भट्टीच्या आकारमानावर वर्षाचा चढा परवाना लागला. कर एकदाच भरायचा, तर खेपा जितक्या जास्त तितका फायदा. म्हणून तिथल्या भट्ट्या उथळ आणि पसरट झाल्या. आंबवण काही मिनिटांत उकळून बाहेर. अशा घाईची दारू उग्रच निघणार. डोंगरातली मंद आचेवरची व्हिस्की चांगली म्हणून नावाजली, आणि बंदी असूनही चोरवाटांनी खाली येत राहिली. १८२२ साली एडिंबरोला आलेल्या चौथ्या जॉर्ज राजालाही डोंगरातल्या ग्लेनलिव्हेटचीच व्हिस्की हवी होती, असं एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींत आहे. तिथल्या जॉर्ज स्मिथने गाळपाचा परवाना घेतला तो त्यानंतर, १८२४मध्ये!

कायद्यातला हा भेद १८१६मध्ये गेला, पण व्यापाराने नाव सोडलं नाही. २००९च्या स्कॉच व्हिस्की नियमांत ही रेघ पुन्हा बारकाईने आखलेली आहे: कार्ड्रॉसचं रेल्वे स्टेशन, वॉलेस स्मारक, मधले काही हमरस्ते. त्या वर्णनात चवीबद्दल एक शब्दही नाही.

म्हणूनच 'हायलँडची चव' या शब्दांवर माझा विश्वास नाही. ईशान्य किनाऱ्यावरच्या दोन डिस्टिलरी घ्या. टेनची ग्लेनमोरँजी १८४३पासूनची. तिच्या भट्ट्यांच्या माना पाच मीटरहून उंच, त्यामुळे जड वाफा पुन्हा खाली पडतात आणि हलकी, फळाफुलांच्या वासाची दारू वर पोचते. उत्तरेला ब्रोऱ्याची क्लाइनलिश अगदी वेगळी: जिभेवर मेणासारखा थर. गाळपाच्या मधल्या टाक्यांमध्ये साचणारा चिकट साका हे त्याचं कारण. टाक्या घासून स्वच्छ केल्या की तो गुण उतरतो. म्हणजे चव ठरते ती भट्टीच्या मानेत, टाकीत, मुरवण्याच्या पिंपात.

पारख करायची तर पेला तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास एकवटतो. आधी नाक, मग जीभ. थोडं पाणी घालायला संकोच करू नका; व्यवसायातले ब्लेंडर वास घेताना व्हिस्की २० टक्क्यांच्या आसपास पातळ करतात, कारण तीव्र अल्कोहोल नाक बधिर करतं. घोट गिळल्यावर मागे काय उरतं, किती वेळ उरतं, ते बघा. माझ्या लेखी खरा निकाल तिथे लागतो.

ग्लेनमोरँजी आणि क्लाइनलिश शेजारी ठेवा, नावं झाकून. दोन्ही हायलँडच आहेत. पुढच्या वेळी बाटली घेताना प्रदेशाचं नाव शेवटी वाचा. आधी डिस्टिलरी आणि पिंप कोणतं ते विचारा.