विहिरीच्या पाण्यातील फ्लुओराइड

भूजलात नैसर्गिकरीत्या मिसळणारे रासायनिक दूषण. ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या खडकांतील फ्लुओराइट, ॲपेटाइट, कृष्णाभ्रक इ. खनिजांतून फ्लुओराइड पाण्यात उतरते. पाणी अल्कधर्मी व कॅल्शियम कमी असल्यास त्याचे प्रमाण वाढते. खडकाशी दीर्घकाळ संपर्क आल्याने खोल कूपनलिकांच्या पाण्यात ते बहुधा उथळ विहिरींपेक्षा जास्त आढळते. त्याला रंग, वास नसतो. म्हणून ते तपासणीशिवाय कळत नाही. पाणी उकळल्याने ते निघून जात नाही. उलट पाणी आटून त्याची तीव्रता वाढते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिग्रॅ. फ्लुओराइड स्वीकार्य असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. पर्यंत चालते. अल्प मात्रा दातांना उपकारक ठरते. मात्रा वाढल्यास दात घडण्याच्या वयातील मुलांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात (दंत फ्लुओरोसिस). अनेक वर्षे अधिक मात्रा पोटात गेल्यास सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो व अपंगत्व येते (अस्थी फ्लुओरोसिस). हे व्यंग बरे होत नाही. त्यामुळे प्रतिबंधावरच भर द्यावा लागतो.

भारतात या रोगाची नोंद १९३७ मध्ये नेल्लोर भागात झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावे बाधित आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत फ्लुओराइड काढण्यासाठी पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळतात आणि साका बसल्यावर वरचे पाणी गाळून घेतात. सक्रियित ॲल्युमिना, व्युत्क्रम परासरण, पर्जन्यजल संकलन हेही उपाय आहेत.