प्लुटोमागे सूर्य मावळताना

तारीख 14 जुलै 2015. तुम्ही न्यू होरायझन्स यानाला घट्ट धरून आहात. तासाभरापूर्वी प्लुटो अवघ्या 12,500 किलोमीटरवरून मागे सरला आणि आता सेकंदाला सुमारे 14 किलोमीटरच्या वेगाने तुम्ही त्याच्या सावलीकडे निघाला आहात. मागे वळून बघा. सूर्य म्हणजे डोळ्यांत टोचणारा ठिपका. पृथ्वीवरच्या तेजाचा जेमतेम हजारावा भाग उरलाय, तरी पौर्णिमेच्या चंद्राहून कितीतरी प्रखर.

तुमच्या शेजारी ‘अ‍ॅलिस’ आहे, साधारण साडेचार किलो वजनाचा अतिनील वर्णपटमापी. त्याचं एक बारीक छिद्र मोठ्या अँटेनाच्याच दिशेला रोखलेलं आहे, कारण इथून सूर्य आणि पृथ्वी जवळजवळ एकाच बाजूला दिसतात. अँटेना पृथ्वीवरून साडेचार तासांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी टिपतेय, अ‍ॅलिस सूर्यकिरण मोजतोय. दोघांच्याही वाटेत आता प्लुटोची हवा येणार.

तुमच्या डोळ्यांना काही कळत नाही. ठिपका तसाच लखलखतोय. पण वर्णपटाची सर्वांत आखूड लहरींची कड एव्हाना काळवंडू लागली. जवळपास हजार किलोमीटर उंचीवरच्या विरळ नायट्रोजनने ती गिळली. त्याच्या खाली मिथेनने पुढचा पट्टा खाल्ला. आणखी खाली इथेन, अ‍ॅसिटिलीन, इथिलीन. शेवटी धुरकं सरसकट सगळंच मंद करतं. प्रत्येक रेणूची भूक ठरलेली असते, म्हणून कुठला प्रकाश किती हरवला यावरून हवेत कोण आहे आणि किती, हे उलगडतं. हवेला स्पर्शही न करता तिची अशी झडती घेता येते, याचं मला अजून नवल वाटतं.

सूर्य बुडाला. दहा-अकरा मिनिटांनी तो दुसऱ्या कडेवर उगवेल आणि हेच सगळं उलट क्रमाने पुन्हा नोंदलं जाईल.

ही मोजमापं पृथ्वीवर पोहोचायला वेळ लागणार. एवढ्या अंतरावरून सेकंदाला हजार-दोन हजार बिट जातात. भेटीचा शेवटचा तुकडा ऑक्टोबर 2016 मध्ये उतरला. पण अ‍ॅलिसच्या आकड्यांनी त्याआधीच जुनी गणितं मोडली होती. वरची हवा अपेक्षेहून खूप थंड आणि आटोपशीर निघाली. त्यामुळे नायट्रोजन अवकाशात निसटण्याचा वेग आधीच्या अंदाजाच्या सुमारे दहा हजारावा भागच भरला. ती इतकी गार कशामुळे? त्याच धुरक्याचे कण उष्णता बाहेर फेकत असावेत, असा एक तर्क पुढे आला आहे.