जुना संगणक आणि अक्षरांची मालकी

इंग्रजीतील ‘फ्री’ हा एकच शब्द ‘विनामूल्य’ आणि ‘स्वतंत्र’ असे दोन्ही अर्थ वाहतो, आणि त्यातून होणारा घोटाळा निस्तरण्यात मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांची बरीच शक्ती खर्ची पडली आहे. मराठीवर ही पाळी यायला नको होती. आपल्याजवळ ‘फुकट’, ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे स्वतंत्र शब्द आहेत. तरीही घरातला जुना संगणक लिनक्सवर न्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशांचाच येतो. मराठी घरापुरते बोलायचे तर या स्थलांतराच्या इतिहासात पैशांपेक्षा अक्षरांचा भाग मोठा आहे, असे मला वाटते. संगणकात लिहून ठेवलेले मराठी कोणाच्या मालकीचे, आणि यंत्र बदलल्यावर ते वाचता येते का, हा त्यातला कळीचा प्रश्न होय.

हा प्रश्न मांडायला डिलाईल रोड ही जागा सोयीची आहे. या रस्त्याचे आजचे अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन केली आणि या संस्थेने कामगारवस्तीत रात्रशाळा व मोफत वाचनालये चालवली. ही वाचनालये मोफत होती खरी, पण त्यांचे मोल वर्गणी माफ असण्यापुरते नव्हते. फाटकावर लागलेली नोटीस ज्याला स्वतः वाचता येते, त्याला ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत नाही. म्हणजे ‘मोफत’ हे तेथे ‘मुक्त’ होण्याचे साधन होते.

याच रस्त्यावर १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळी आहेत. खोली १६० चौरस फुटांची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला; त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि नव्वदच्या दशकापासून त्यांच्या आवारांत कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या कचेऱ्यांत शिरायचे तर संगणक यायला हवा, हे पुढच्या पिढीला फार लवकर कळले. २००१ मध्ये ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम सुरू झाला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जुळवून घेतलेला संगणक मग अशा घरांतही येऊ लागला. अशा घरात वस्तू सहजासहजी टाकून देत नाहीत; ती दुरुस्त होते, तिचा दुसरा उपयोग निघतो. सॉफ्टवेअर मात्र दुरुस्त करू देत नव्हते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे मूळ याच तक्रारीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या एका प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी करून ठेवली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅमच हाती नसल्यामुळे ती करता येईना. गिरणगावातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. साळखात्यात साचा अडला तर तो उघडून पाहणारा जॉबर हाताशी असे. साच्याला कुलूप लावून किल्ली मँचेस्टरला ठेवली असती, तर कापड कसे निघाले असते?

स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ‘जीपीएल’ या मुक्त परवान्याखाली आणला. प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवावा, उघडून अभ्यासावा, दुसऱ्याला द्यावा आणि सुधारून पुन्हा वाटावा, अशी चार स्वातंत्र्ये या परवान्याच्या मुळाशी आहेत. इंटरनेटचा वेग अगदी बेताचा असतानाच्या काळात भारतात लिनक्सचा प्रसार झाला तो बराचसा मासिकांमुळे. ‘पीसीक्वेस्ट’च्या अंकाबरोबर त्याची सीडी मिळे. २००० मध्ये जर्मनीतून आलेले ‘नॉपिक्स’ तर हार्ड डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालत असे. २००३ मध्ये आलेले ‘डॅम स्मॉल लिनक्स’ अवघ्या ५० एमबीत मावे आणि मोडीत काढलेल्या यंत्रावरही धावे.

यंत्र धावले, पण त्यावर मराठीचे काय? या ठिकाणी आपल्याला छपाईच्या इतिहासाकडे वळावे लागते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथील देवनागरी खिळ्यांची ख्याती सर्वदूर होती. पण निर्णयसागरच्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक वाचायला ते खिळे वाचकाच्या घरी असावे लागत नाहीत. छापखाना बंद पडो, खिळे वितळवले जावोत, पान आपले वाचता येते.

नव्वदच्या दशकातील संगणकीय मराठीने हा साधा हक्क हिरावून घेतला. तेव्हाच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा ‘त’. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवी. त्यामुळे फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी नसेच. असत ती रोमन चिन्हे, आणि त्यांना मराठीचा मुखवटा चढवणारा फाँट. तो फाँट नसला की कविता असो वा प्रबंध, पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राही. काही मराठी पॅकेजे तर संगणकाच्या पाठीमागे ‘डाँगल’ लावल्याशिवाय चालतच नसत. अशा घरातला संगणक लिनक्सवर नेला की इंग्रजी पत्रे सुखरूप उघडत आणि मराठी लेखन मुके होई.

यावरचा उपाय सिद्धांतरूपाने आधीच तयार होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाण स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची १२८ घरे मिळाली. तेथे ‘क’ म्हणजे ‘क’च, फाँट कोणताही असो. पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवायची आणि आधी दाखवायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद राखायचा, ही सारी कामे कार्यप्रणालीला शिकवावी लागतात. ‘विंडोज ९८’ला ती अवगत नव्हती, ‘विंडोज २०००’पासून विंडोजमध्ये ही सोय आली. म्हणजे युनिकोड मराठीसाठी नवी प्रणाली हवी आणि तिच्यासाठी नवे यंत्र हवे, अशी ती साखळी होती.

ही साखळी तोडण्याच्या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’त (ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून ‘इंडिक्स’ हा प्रकल्प झाला. २००० च्या आसपास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी मुंबईत ‘इंडलिनक्स’ सुरू केले. त्याचा सुरुवातीचा भर हिंदीवर असला तरी लिपीची सोय मराठीच्याही कामी आली. साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावे असे नाव मात्र र. कृ. जोशी यांचे. कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतील अध्यापक असलेल्या जोशींनी ‘विंडोज’बरोबर येणारा ‘मंगल’ हा फाँट घडवला. त्यांनीच घडवलेला ‘रघू’ मात्र जीपीएलखाली खुला झाला. एकाच हाताची ही दोन वळणे. एक अक्षर आपण वापरू शकतो. दुसरे वापरूही शकतो, उघडून दुरुस्तही करू शकतो आणि शेजाऱ्याला देऊही शकतो. जोशी २००८ मध्ये गेले. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ वर्गात समजावून द्यायचा असेल, तर त्यांच्या या दोन फाँटइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

२००४ मध्ये ‘रेड हॅट’ने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची फाँटमाला मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मराठीच्या ‘ॲ’ला स्वतंत्र घर मिळाले. असे नवे अक्षर आले की मुक्त फाँटमध्ये ते कोणालाही भरता येते. बंदिस्त फाँटच्या बाबतीत मालकाच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

येथवरची कथा यशाची आहे; पण तिच्यात एक मोठी गळती आहे. नवे मराठी मुक्त झाले, जुने आपोआप झाले नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे संगणकावर जुळवलेले दिवाळी अंक, लघुअनियतकालिके, प्रबंध, कामगार संघटनांची पत्रके यांच्या फाइली त्या-त्या कंपनीच्या फाँटमध्येच राहिल्या. प्रत्येक फाँटची घरे वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी रूपांतरक वेगळा. तो करणाऱ्याला फाँट समोर ठेवून कोणत्या घरात काय आहे याचा तक्ता मांडावा लागतो. हे काम किचकट आहे, अशक्य नाही. मात्र त्यासाठी मूळ फाइल आणि तो फाँट, दोन्ही हाती हवीत. जुना संगणक लिनक्सवर नेताना डिस्क पुसली जाते, आणि पुष्कळदा त्या दोन्ही गोष्टी त्याच क्षणी जातात. कागदावर छापलेले निदान वाळवी लागेपर्यंत टिकते. हे एका होकारात नाहीसे होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार थांबवला आणि ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारी असंख्य चालती यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. ती मोडीत देण्याऐवजी लिनक्सवर न्यावीत, हे योग्यच. पण आधी त्यांतले मराठी बाहेर काढावे : फाइली, त्यांचे फाँट, जमल्यास छापील प्रत, आणि मग युनिकोडमधील रूपांतर. ना. म. जोशींच्या पिढीने वाचनालयाचे दार उघडे ठेवले होते. आपल्या घरातल्या कपाटाची किल्ली तरी आपल्याजवळ असावी, एवढी अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही.